आजोबांचा गुन्हा, नातवाची शिक्षा

चिनी घराण्यांच्या तीन-तीन पिढ्यांच्या हालअपेष्टांचीं वर्णनें वाचण्याची हौस आमच्या वाचकवर्गांत चांगलीच रुजली आहे. युंग चांग या लेखिकेनें १९९१ सालीं आजी, आई आणि आपण स्वतः अशा तीन स्त्रियांची कहाणी इंग्रजींत प्रसिद्ध केली. आजी एका लष्करी सरदाराची उपस्त्री, आई क्रांतीची कार्यकर्ती, आणि नात त्याच क्रांतीच्या वणव्यांत होरपळलेली. असें पुस्तक वाचतांना डोळे पाणावले तर त्यांत नवल कांहीं नाहीं. नवल वाटतें तें पुस्तक मिटल्यानंतरच्या उद्गाराचें. 'देवाची कृपा म्हणून आपण इकडे जन्मलों; असले प्रकार तिकडेच घडावयाचे', असें म्हणून वाचक सुखानें पान लावावयास बसतो. या उद्गारास आमचा विरोध आहे, आणि तो कां आहे हें सांगण्यासाठींच हा लेख.

चिनी कुटुंबावर कोसळलेल्या संकटांचीं नांवें पुष्कळ आहेत. १९११ ची राज्यक्रांति, १९३७ चें जपानी आक्रमण, १९४९ चें सत्तांतर, १९५९ ते १९६१ चा भीषण दुष्काळ, आणि १९६६ पासून दहा वर्षें चाललेली 'सांस्कृतिक क्रांति'. परंतु युद्धांत किंवा दुष्काळांत मनुष्य मेला तरी तो निदान स्वतःच्या नांवानें मरतो. या सर्व संकटांतील अत्यंत नीच यातना निराळीच होती. तींत मनुष्यास त्याच्या बापाच्या आणि आजोबाच्या नांवानें छळलें गेलें. त्यानें काय केलें हें कोणी विचारीत नव्हतें; तो कोणाच्या पोटीं आला एवढेंच विचारलें जात होतें. आमचें म्हणणें असें कीं, ही नीचता चीनची खासगी मालमत्ता नव्हे. ती आमच्याही घरांत नांदली आहे, आमच्या कायद्यांच्या पुस्तकांत छापली गेली आहे. याचा दाखला शोधावयास दूर जाण्याचेंही कारण नाहीं. ज्या एका चिनी कुटुंबास मराठी आडनांव लाभलें, त्याचाच इतिहास पुरेसा आहे.

हें जळगांवकडे बसून लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. याच जिल्ह्यांतील फैजपूर येथें १९३६ च्या डिसेंबरांत राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. कपाशीचा भाव आणि सावकाराचें व्याज यांपलीकडे ज्यांस पाहण्याची फुरसत नव्हती, अशा खानदेशी शेतकऱ्यांसमोर अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं स्पेनमधील यादवीचा विषय काढला. दुसऱ्याच्या घरास लागलेली आग आपल्या घरापासून वाटते तितकी लांब नसते, हा धडा खानदेशच्या मातींत उभें राहून त्यांनीं सांगितला. त्यानंतर सात महिन्यांच्या आंत जपाननें चीनवर चाल केली. १९३७ च्या अखेरीस चिनी सेनापति चू तेह यांनीं नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली, आणि पुढल्या वर्षीं सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष असतांना पैसे जमवून पांच डॉक्टरांचें एक पथक चीनकडे रवाना झालें. फैजपुरास जें तोंडानें बोललें गेलें, तें १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या बंदरांतून जहाजावर चढलें असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

त्या पांचांत अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते. कोटणीसांस तेव्हां अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. १९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनान येथें पोंचलें. चीनमध्यें असतांनाच वडील वारल्याची बातमी त्यांस कळली; तरीही ते परतले नाहींत. पुढें उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवें चालविलेल्या रुग्णालयाचे ते १९४१ च्या आरंभीं प्रमुख झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गुओ छिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या तरुणीशीं त्यांनीं विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यांस मुलगा झाला. चिनी भाषेंत 'यिन' म्हणजे हिंदुस्थान आणि 'हुआ' म्हणजे चीन. मुलाचें नांव ठेवलें यिनहुआ. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें कोटणीस वारले. मुलगा तेव्हां साडेतीन महिन्यांचा होता.

आमची कोटणीसभक्ति येथें येऊन थबकते. १९४४ सालीं ख्वाजा अहमद अब्बास यांनीं त्यांच्यावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्या कथेवर बोलपट काढून नायकाची भूमिका स्वतः केली, आणि चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांजकडे दिली. बोलपटाच्या नांवांतच 'अमर कहानी' हे शब्द घातले. पुढें दोन्ही देशांत टपालाचीं तिकिटें निघालीं, स्मारकें उभीं राहिलीं, आणि चीनचे पुढारी भारतांत आले म्हणजे कोटणीसांच्या आप्तांस भेटण्याचा प्रघात पडला. २००६ सालीं राष्ट्राध्यक्ष हू चिन्ताव यांनींही मुंबईंत तो पाळला. जो गेला तो अमर झाला. जी मागें राहिली तिला मात्र एकेक दिवस जगावें लागलें, आणि त्या जगण्याची अमर कहाणी कोणी केली नाहीं.

पतीच्या मृत्युसमयीं गुओ छिंगलान छव्वीस वर्षांची होती. कडेवर तान्हें मूल आणि समोर जपानी फौजा. पुढें तिनें दुसरा विवाह केला. तिला आणखी अपत्यें झालीं. ज्या प्रेक्षकांनीं जयश्रीबाईंच्या अभिनयास आसवांची दाद दिली, त्यांपैकीं कित्येकांस ही गोष्ट ऐकून मनांतून चुटपुट लागेल. हुताम्याच्या विधवेनें तसबिरीपुढें समई लावून जन्म काढावा, असाच आमच्या रसिकतेचा संकेत! परंतु जगणाऱ्या माणसाचा धर्म जगणें हा आहे, आणि तो तिनें निर्मळपणें पाळला. सासरच्या माणसांशीं तिनें नातें राखलें, भारतांत ती एकाहून अधिक वेळां येऊन गेली, कोटणीसांच्या सहवासाच्या आठवणी तिनें लिहून ठेवल्या, आणि २०१२ च्या जूनमध्यें वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं डाल्येन शहरीं देह ठेवला. यिनहुआ बापाप्रमाणेंच वैद्यकीकडे वळला. परंतु शिक्षण पुरें होण्यापूर्वींच १९६७ सालीं, अवघ्या पंचविशीच्या आंत, तो वारला. त्या मृत्यूचें राजकारण करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, हा मुलगा जिवंत असतांना दोन देशांच्या लेखीं तो कोण होता?

प्रथम चीनची बाजू पाहूं. जमिनीची फेरवांटणी करतांना चीनच्या नव्या राजवटीनें घरोघर एक शिक्का मारला होता. अमुक जमीनदार, अमुक श्रीमंत शेतकरी, अमुक गरीब शेतकरी, अमुक कामकरी. जमीन गेली तरी शिक्का गेला नाहीं. तो बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे उतरला. १९६६ नंतर त्यास उघड तत्त्वज्ञानाचें रूप आलें. कामकरी, गरीब शेतकरी, क्रांतिकारक अधिकारी, सैनिक आणि हुतात्मे यांचीं मुलें 'लाल'. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, दुराचारी आणि 'उजवे' यांचीं मुलें 'काळीं'. शाळा, नोकरी, लग्न, सर्व कांहीं या रंगावरून ठरूं लागलें. ज्या क्रांतीनें वंशपरंपरागत सरदारी मोडली म्हणून डांगोरा पिटला, तिनेंच वंशपरंपरागत पाप आणि वंशपरंपरागत पुण्य पुन्हां गादीवर बसविलें.

या व्यवस्थेंत यिनहुआचें स्थान कोणतें? तो हुतात्म्याचा मुलगा, म्हणजे 'लाल' कुळांतला. त्याच्याच वर्षीं, १९४२ च्या मे महिन्यांत, दुसरा एक मुलगा जन्मला होता. त्याचें नांव यू लुओके. त्याच्या आईबापांस १९५७ सालीं 'उजवे' ठरविण्यांत आलें होतें. म्हणून बुद्धि असूनही त्यास विद्यापीठाचें दार बंद झालें आणि तो उमेदवार कामगार म्हणून राबूं लागला. कुळावरून माणसाची पारख करणें हें खोटें आणि अन्यायाचें आहे, असें प्रतिपादन करणारा निबंध त्यानें लिहिला, आणि तो १९६७ च्या जानेवारींत विद्यार्थ्यांच्या एका पत्रांत छापून आला. पुढल्या वर्षीं त्यास पकडलें, आणि ५ मार्च १९७० रोजीं पेकिंग येथें देहांत शासन दिलें. निबंधासाठीं मनुष्य मारला गेला! आम्ही मासिकांत निबंध लिहिणारे आणि वाचणारे लोक. निबंधाची किंमत काय असूं शकते याचा विचार आम्हीं तरी करावा. १९७९ सालीं सरकारनें त्यास निर्दोष ठरविलें, आणि त्याच वर्षीं जमीनदारांच्या मुलानातवंडांवरील शिक्काही पुसण्यास आरंभ केला. म्हणजे तो खरें बोलत होता हें कबूल करावयास त्याच्या मारेकऱ्यांस नऊ वर्षें लागलीं.

येथवर आमचा वाचक मान डोलावील, कारण येथवर दोष परक्याचा आहे. आतां आपली बाजू पाहूं. क्षणभर अशी कल्पना करा कीं, पतिनिधनानंतर गुओ छिंगलान मुलास घेऊन सोलापुरास आली, आणि यिनहुआ मराठी शाळेंत शिकून, मराठींत बोलून, १९६२ सालीं वीस वर्षांचा झाला. त्या वर्षीं २० ऑक्टोबरास चीननें भारतावर आक्रमण केलें. तें आक्रमणच होतें. त्याविषयीं शब्दच्छल करण्याची आमची इच्छा नाहीं. पण त्या आक्रमणाच्या सबबीवर आमच्या सरकारनें जे कायदे आणि हुकूम काढले, त्यांतील भाषा पाहा. 'शत्रुमूळ' असल्याचा संशय येईल त्यास अटकेंत ठेवण्याची मुभा १९६२ च्या भारत संरक्षण कायद्यानें दिली. १९६३ च्या आरंभींच्या हुकुमांत तर, जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकीं कोणीही, किंवा ज्याच्या आजीआजोबांपैकीं कोणीही, भारताशीं युद्ध करणाऱ्या देशाचा केव्हांही नागरिक होता, अशा प्रत्येकास निर्बंधांच्या जाळ्यांत घेतलें. तीन पिढ्या एका वाक्यांत! युंग चांगनें तीन पिढ्यांसाठीं जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या कारकुनानें तें काम एका ओळींत उरकलें.

त्या ओळीप्रमाणें कोटणीसांचा मुलगा 'शत्रूचा' ठरला असता, कारण त्याची आई चिनी होती. ज्या बापाच्या नांवें आम्ही तिकिटें काढतों, त्याच्याच मुलानें पोलीस चौकीवर जाऊन नांव नोंदवावें आणि परवानगीवांचून गांव सोडूं नये, अशी वेळ आली असती. चीनमध्यें तेंच रक्त 'लाल' म्हणून पवित्र, आणि भारतांत तेंच रक्त 'शत्रुमूळ' म्हणून दूषित. त्या पोरानें दोन्हीकडे कांहीं एक केलें नव्हतें. त्याच्या वांट्याचें पुण्यही उसनें आणि त्याच्या वांट्याचें पापही उसनें. एका कुळाची झडती घेऊन दोन सरकारें जेव्हां दोन उलट निकाल देतात, तेव्हां चूक कुळाची नसते. झडतीच मुळांत खोटी असते.

यिनहुआ भारतांत नव्हता म्हणून वांचला. जे होते ते वांचले नाहींत. आसामांतील चहाच्या मळ्यांच्या मुलखांतून, शिलाँगहून, दार्जिलिंग आणि कालिंपाँगकडून सुमारें तीन हजार माणसें उचलून राजस्थानांत देवली येथील छावणींत नेऊन डांबलीं. त्यांत म्हातारीं होतीं, गरोदर बायका होत्या, शाळेंत जाणारीं पोरें होतीं. आसामच्या माकुमसारख्या ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या तेथल्याच बायकांशीं संसार थाटून राहिलेलीं कुटुंबें होतीं. युद्ध महिन्याभरांत आटोपलें. २१ नोव्हेंबरास चीननें गोळीबार थांबविला. छावणींतील शेवटचीं माणसें मात्र १९६७ सालीं बाहेर पडलीं. लढाई एक महिना आणि तुरुंग पांच वर्षें, हा हिशेब कोणत्या राष्ट्ररक्षणाच्या खात्यांत मांडावयाचा?

ही देवली कोणती, हेंही लक्षांत घ्यावें. १९४१ च्या सुमारास इंग्रज सरकारनें जयप्रकाश नारायण आणि आमचे श्रीपाद अमृत डांगे यांस चौकशीवांचून जेथें कोंडलें, तीच ही देवली. जयप्रकाशांनीं तेथें उपोषण केलें तेव्हां साऱ्या देशानें इंग्रजांस दूषणें दिलीं. वीस वर्षांनीं तींच कुलुपें आमच्या हातीं आलीं, आणि आम्हीं तीं पोराबाळांवर लावलीं.

देवलींतून सुटका झाली म्हणजे घर मिळालें असेंही नव्हे. कित्येकांची घरेंदारें आणि दुकानें तोंवर लिलांवांत गेलीं होतीं. १९६३ सालीं चीननें जहाजें पाठवून दोन हजारांवर लोक तिकडे नेले. त्यांतल्या पुष्कळांनीं चीन कधीं पाहिला नव्हता, आणि कित्येकांस चिनी भाषाही धड येत नव्हती. तेथें त्यांस सरकारी शेतवाड्यांवर धाडलें. आणि तीन वर्षांनीं सांस्कृतिक क्रांति उसळली तेव्हां, 'परदेशाशीं संबंध असलेले' म्हणून अशाच लोकांकडे संशयाच्या नजरेनें पाहिलें जाऊं लागलें. भारतांत चिनी म्हणून शिक्षा आणि चीनमध्यें भारतीय म्हणून संशय! चिनी घराण्याची खरी शोकांतिका लिहावयाची असेल तर ती येथें आहे, आणि तिचा पहिला अंक आमच्या रंगभूमीवर घडला आहे. मुंबईंत माझगांवला १९१९ सालीं बांधलेलें चिनी मंदिर आजही उभें आहे; त्याच्या भोंवतालची वस्ती मात्र त्या युद्धानंतर ओसरली ती ओसरलीच.

यावर जे आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप राष्ट्ररक्षणाचा. हेरगिरीचा संशय ज्याच्या कृत्यावरून येईल त्यास खुशाल पकडावें, चौकशी करावी, दोष शाबीत झाल्यास शासन करावें. त्यास आमची हरकत नाहीं. पण सात वर्षांच्या मुलीच्या आजोबाचा जन्म कँटनमध्यें झाला, हें कृत्य तिचें कसें? दुसरा आक्षेप असा कीं, 'सारीं राष्ट्रें युद्धांत हेंच करतात.' करतात खरीं. अमेरिकेनें १९४२ सालीं जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांस छावण्यांत घातलें. परंतु त्याच अमेरिकेनें १९८८ सालीं कायदा करून त्याबद्दल क्षमा मागितली, आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. पापाच्या बाबतींत दुसऱ्याचें उदाहरण घ्यावयाचें आणि प्रायश्चित्ताच्या बाबतींत तें विसरावयाचें, ही सोयीची स्मरणशक्ति आहे. देवलींत बालपण गेलेले लोक पांढऱ्या केसांनीं भारत सरकारपाशीं दोन शब्दांची क्षमा मागत आले आहेत. दोन शब्द देण्याइतकीही उदारता आम्हीं दाखविलेली नाहीं. तिसरा आक्षेप, 'चीननें याहून वाईट केलें.' केलें, आणि तें आम्ही वर सांगितलेंच आहे. पण कोटणीस चीनला गेले ते काय नीचपणांत कोणाची बरोबरी करावयास गेले होते? जखमी शिपायाच्या बापाचें कुळ विचारून त्यांनीं मलमपट्टी केली नाहीं.

आतां अत्यंत कडू गोष्ट सांगावयाची आहे. कुळावरून गुन्हेगार ठरविण्याची ही विद्या आम्हांस चीननें शिकविली नाहीं. इंग्रजांनीं १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ सालीं तो मुंबई इलाख्यासही लागू केला. त्या कायद्याप्रमाणें विशिष्ट जातींत जन्मलेलें मूल पाळण्यांतच गुन्हेगार ठरे. कोटणीसांच्या त्याच सोलापुरांत, त्यांच्या हयातींत, तारेच्या कुंपणाआड अशा जातींची वसाहत होती. 'सेटलमेंट' हें नांव तेथें आजतागायत चालत आलें आहे. एका मुलानें तारेच्या बाहेर वाढून डॉक्टर व्हावें, आणि त्याच शहरांतील दुसऱ्या मुलानें तारेच्या आंत हजेरी देत वाढावें, यांत दोघांच्या कर्तृत्वाचा संबंध किती आणि आजोबांचा किती? आमच्या खानदेशांतील पारध्यांच्या पालांस हें समजावून सांगावें लागणार नाहीं. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली म्हणजे पोलिसांचीं पावलें आधीं कोणाच्या पालाकडे वळतात, हें चाळीसगांवपासून शिरपूरपर्यंत कोणासही विचारावें. आणि इंग्रजांच्या तरी कपाळीं सारा दोष कां मारावा? जन्मावरून शिवाशिव पाळणाऱ्या समाजास 'लाल कुळ, काळें कुळ' हा प्रकार चिनी वाटावा, हेंच मोठें आश्चर्य आहे. यू लुओकेचा निबंध मराठींत कोणीं उतरविला, तर त्यांतील शहरांचीं नांवें तेवढीं बदलावीं लागतील. युक्तिवाद बदलावा लागणार नाहीं.

हें जुनें झालें, असें म्हणून सुटका करून घेण्याचीही सोय नाहीं. १९६२ नंतर चिनी नागरिकांची येथील मालमत्ता 'शत्रूची मालमत्ता' म्हणून सरकारच्या ताब्यांत गेली. १९६८ सालीं त्याचा कायमचा कायदा झाला, आणि २०१७ सालीं त्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, वारस स्वतः भारताचा नागरिक असला तरी त्या मालमत्तेवर त्याचा वारसाहक्क चालणार नाहीं. म्हणजे शत्रुत्व वारशानें उतरतें, मालमत्ता मात्र उतरत नाहीं! पापास वारस आहे आणि घरास वारस नाहीं, असा हा न्याय आहे. चीनमध्यें जमीनदाराच्या नातवाची जमीन जाऊन शिक्का तेवढा उरला, असें आपण वर पाहिलें. दोन्ही व्यवस्थांत फरक कोणता, तो विद्वानांनीं दाखवावा.

आमच्या साहित्यिकांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. आसामी भाषेंत रीता चौधरी यांनीं २०१० सालीं 'माकाम' ही कादंबरी लिहून आपल्या शेजारच्या चिन्यांची देवलीपर्यंतची कहाणी आपल्याच वाचकांपुढें मांडली. त्यांत आसामी माणसाची अब्रू वांचली असें आम्ही समजतों, कारण आपल्या अंगणांतील अन्याय आपल्या भाषेंत बोलणें हाच त्या अब्रूचा आधार असतो. मराठीनें चिनी कुटुंबाची जी एक कथा आपली म्हणून उराशीं धरली, तिचा पडदा तिनें १९४२ च्या डिसेंबरांतच पाडला. मरणाचें काव्य होतें, जगण्याचें होत नाहीं, असा आमच्या लेखकांचा समज दिसतो. पण सत्तर वर्षें वैधव्याच्या व्याख्येंत न मावतां जगलेली ती स्त्री, दोन देशांचीं नांवें एका नांवांत घेऊन अकालीं गेलेला तो मुलगा, आणि देवलीच्या छावणींत पाटी-पेन्सिल विसरलेलीं तीं पोरें, या सर्वांची कथा अमर कहाणीहून लहान नाहीं. फक्त ती लिहितांना लेखकास स्वतःच्या दाराकडे बोट दाखवावें लागेल, एवढीच अडचण आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोटणीसांच्या पुतळ्यास हार घालणाऱ्यांनीं तो जरूर घालावा. परंतु हार घालतांना, त्यांच्या मुलास आपल्या कायद्यानें काय म्हटलें असतें हें एकदां मोठ्यानें वाचावें. देवलीचीं जीं माणसें अजून हयात आहेत, त्यांची सरकारनें क्षमा मागावी, आणि ती ते हयात असतांना मागावी. आजोबाचें नांव विचारून नातवास शिक्षा देणारें प्रत्येक कलम कायद्यांतून काढावें. आणि चिनी घराण्याची कहाणी वाचून ज्याचे डोळे पाणावतील, त्यानें पुस्तक मिटल्यावर आपल्याच गांवकुसाबाहेर एक फेरी मारून यावें. तेवढें त्यानें केलें, तर फैजपुरास खानदेशनें ऐकलेला धडा फुकट गेला नाहीं असें म्हणतां येईल.